समर्थनाची परिभाषा आणि संपादकाचे कर्तव्य

बालकांवरील लैंगिक अत्याचाराचे वैचारिक समर्थन करणारा मजकूर प्रसिद्ध करू द्यावा की नाही, हा प्रश्न गेल्या तीन दशकांत संकेतस्थळांच्या चालकांपुढे वारंवार उभा राहिला आहे. त्याची चर्चा बहुधा अभिव्यक्तिस्वातंत्र्य विरुद्ध नियंत्रण ह्या एकाच द्वंद्वाच्या आधारे केली जाते. ही मांडणी अपुरी आहे. प्रस्तुत प्रकारचा मजकूर क्वचितच उघड स्वरूपात अवतरतो. तो इतरांच्या न्याय्य चळवळींची परिभाषा अंगावर पांघरून येतो. म्हणून त्याचे नियमन हा कायद्याचा प्रश्न असला, तरी त्याआधी तो वाचनाचा, म्हणजेच समीक्षेचा, प्रश्न आहे. ह्या विषयाचा इतिहास पाहिला असता असे दिसते की द्वारपाल जेथे जेथे चुकले, तेथे तेथे त्यांनी मजकुराचे बाह्य रूप वाचले. त्या मजकुरात ज्याच्याविषयी बोलले जाते परंतु ज्याला बोलता येत नाही अशा बालकाची अनुपस्थिती त्यांनी वाचली नाही.

ही परिभाषा संगणकयुगात जन्मलेली नाही. ब्रिटनमध्ये १९७४ साली ‘पीडोफाइल इन्फर्मेशन एक्स्चेंज’ ही संघटना स्थापन झाली आणि १९८४ साली ती विसर्जित झाली. संमतिवयाचे बंधन नष्ट करावे अशी तिची मागणी होती. ती मागणी तिने ‘मुक्ती’, ‘अल्पसंख्याकांचे हक्क’, ‘मुलाचे स्वातंत्र्य’ अशा शब्दांत मांडली. आणि नागरी स्वातंत्र्यांसाठी झटणाऱ्या ‘नॅशनल कौन्सिल फॉर सिव्हिल लिबर्टीज’ ह्या प्रतिष्ठित संस्थेशी ती काही वर्षे संलग्न राहू शकली. २०१४ साली हे प्रकरण ब्रिटिश वृत्तपत्रांत पुन्हा उफाळले, तेव्हा त्या संस्थेच्या वारसदारांना आपल्या पूर्वसूरींच्या वतीने घृणा व्यक्त करावी लागली. फ्रान्समध्ये जानेवारी १९७७ मध्ये ‘ल माँद’ ह्या दैनिकात एक निवेदन प्रसिद्ध झाले. अल्पवयीन मुलांशी केलेल्या लैंगिक कृत्यांबद्दल व्हर्सायच्या न्यायालयापुढे उभ्या राहिलेल्या तीन पुरुषांच्या बाजूने ते होते, आणि सार्त्र, बोव्हार, बार्त ह्यांच्या स्वाक्षऱ्या त्याखाली होत्या. मुलांवर बळजबरी झालेली नाही, त्यांची संमती होती, असा त्याचा रोख होता. व्याकरणदृष्ट्या पाहता त्या युक्तिवादात ‘संमती देणे’ ह्या क्रियेचा कर्ता मूल आहे. परंतु त्या निवेदनाचा वक्ता मात्र मूल नाही. संमती मुलाच्या नावावर मांडली जाते आणि तिची वाच्यता प्रौढ करतो. ह्या परिभाषेचे मर्म नेमके येथे आहे.

ह्या युक्तिवादाचे सर्वांत नेमके खंडन अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिंकेलहोर ह्यांनी १९७९ साली केले. केवळ परिणामी होणाऱ्या हानीवर निषेध आधारला, तर ‘अमुक एका प्रसंगी हानी झाली नाही’ असे म्हणून समर्थकास वाट काढता येते, हे त्यांनी ओळखले. त्यांनी निषेधाचा पाया संमतीच्या संकल्पनेतच शोधला. खऱ्या संमतीस दोन गोष्टी आवश्यक असतात : ज्यास संमती द्यावयाची त्याचे ज्ञान, आणि होय वा नाही म्हणण्याचे स्वातंत्र्य. प्रौढाच्या संदर्भात मुलाजवळ ह्या दोन्हींचा अभाव असतो. म्हणून त्याने ‘होय’ म्हटले तरी ती संमती होत नाही. मराठी वाचकास हा विचार सर्वस्वी परका नाही. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात मुलींची वयोमर्यादा दहावरून बारावर नेली, आणि त्या निमित्ताने टिळक-आगरकरांच्या पक्षांत जो वाद झडला त्यातून हा शब्द मराठी सार्वजनिक व्यवहारात रुळला. आगरकरांनी कायद्याचा पुरस्कार केला, टिळकांनी विरोध केला. परंतु त्या कायद्यात ‘संमती’ ह्या शब्दाचे कार्य प्रौढाच्या अधिकारास मर्यादा घालणे हे होते. पाऊणशे-शंभर वर्षांनी पाश्चात्त्य समर्थकांनी तोच शब्द ती मर्यादा मोडण्यासाठी वापरला. शब्द एकच; त्याचे प्रयोजन मात्र उलटलेले.

साहित्यव्यवहारातील द्वारपालांचे अपयश गाब्रिएल मात्झनेफ ह्या फ्रेंच लेखकाच्या प्रकरणात विशेष स्पष्ट होते. अल्पवयीनांशी असलेले आपले संबंध त्याने लपविले नाहीत. १९७४ पासून ते त्याच्या पुस्तकांचे विषय झाले. मार्च १९९० मध्ये बेर्नार पिव्हो ह्यांच्या दूरचित्रवाणीवरील ‘आपोस्त्रोफ’ ह्या ग्रंथचर्चेत तो उपस्थित असता केवळ दनीझ बोंबार्दिए ह्या कॅनेडियन लेखिकेने त्यास स्पष्ट शब्दांत जाब विचारला. इतर सभासदांनी हा विषय विनोदाच्या पातळीवरच ठेवला. पुढे उपहास झाला तो बोंबार्दिए ह्यांचाच. २०१३ साली मात्झनेफला रनोदो पारितोषिकाचा निबंधविभागातील सन्मानही मिळाला. जानेवारी २०२० मध्ये व्हानेसा स्प्रिंगोरा ह्यांचे ‘संमती’ ह्या अर्थाच्या नावाचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. चौदाव्या वर्षी ज्या लेखकाच्या ताब्यात त्या सापडल्या होत्या आणि ज्याच्या पुस्तकांत त्या केवळ पात्र म्हणून उरल्या होत्या, त्याच्याविषयी त्या आता स्वतः लिहीत होत्या. त्यानंतर काही दिवसांतच त्याच्या प्रकाशकाने त्याची रोजनिशी विक्रीतून काढून घेतली, आणि एप्रिल २०२१ मध्ये फ्रान्सने पंधरा वर्षांखालील मुलाच्या बाबतीत संमतीचा प्रश्नच गैरलागू ठरविणारा कायदा केला. येथे कोणतेही नवे तत्त्वज्ञान सापडले नव्हते. जो आवाज पूर्वी अनुपस्थित होता तो ऐकू आला, एवढाच फरक पडला होता. साहित्य नीतीपेक्षा श्रेष्ठ की नीती साहित्यापेक्षा, ही चर्चा ह्या प्रकरणात फोल ठरते. कारण येथे वादाचा विषय मजकुराचे सौंदर्य नव्हता, त्यामागील प्रत्यक्ष कृत्य होता.

ह्या पार्श्वभूमीवर संकेतस्थळांचा इतिहास वाचावयास हवा. संगणकजालाने समर्थकांना नवा युक्तिवाद पुरविला नाही. जुन्या युक्तिवादास संपादकाविना प्रसिद्धी, अनामिकता आणि सीमा ओलांडण्याची सोय मात्र दिली. अमेरिकन न्यायालयांना प्रारंभी प्रश्न पडला तो उपमेचा : संगणकसेवेचा चालक पुस्तकविक्रेत्यासारखा की प्रकाशकासारखा ? १९९१ च्या कॉम्प्युसर्व्ह प्रकरणात त्यास विक्रेत्यासारखा मानून दायित्वातून मुक्त केले गेले. १९९५ च्या प्रॉडिजी प्रकरणात, चालक मजकूर तपासतो एवढ्याच कारणाने त्यास प्रकाशक ठरवून जबाबदार धरले गेले. ह्यातून असा विपरीत निष्कर्ष निघत होता की जो काहीच पाहत नाही तो सुरक्षित आणि जो पाहतो तो दोषी. १९९६ च्या कायद्यातील दोनशेतिसाव्या कलमाने ही विसंगती दूर केली : परक्याच्या मजकुरासाठी चालक प्रकाशक मानला जाणार नाही, आणि सद्भावनेने आक्षेपार्ह मजकूर काढला तरी तो अडचणीत येणार नाही. कायद्याने नियमनाची मोकळीक दिली. नियमन कसे करावे ह्याचा विवेक मात्र दिला नाही, आणि तो कायद्याने देता येण्यासारखाही नव्हता.

त्या विवेकाची उणीव पुढील प्रसंगांत दिसते. नोव्हेंबर २०१० मध्ये ॲमेझॉनवर बालकामुकतेचे समर्थन करणारे एक स्वयंप्रकाशित पुस्तक विक्रीस असल्याचे उघड झाले. कंपनीने प्रथम, आक्षेपार्ह वाटते म्हणून पुस्तक न विकणे ही सेन्सॉरशिप होय, अशी भूमिका घेतली, आणि लोकक्षोभ होताच ते काढून टाकले. दोन्ही निर्णयांत मजकुराचे वाचन नव्हते. आधी तत्त्वाचे कवच होते, नंतर गिऱ्हाइकांची भीती. विकिपीडियाची वाट ह्याहून वेगळी होती. तेथे २००६ साली सदस्यांच्या परिचयफलकांवरून तीव्र वाद झाला, आणि पुढे बालसंरक्षणाचे धोरण निश्चित झाले. विश्वकोशात ह्या विषयाची नोंद असू शकते, टीकात्मक इतिहासही असू शकतो. परंतु समर्थनासाठी त्या व्यासपीठाचा उपयोग करू पाहणाऱ्या सदस्यास संपादनाचा अधिकार नाही. विषय आणि प्रचार ह्यांतील हा भेद महत्त्वाचा आहे. तटस्थता म्हणजे दोन्ही बाजूंना सारखी जागा देणे अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी येथे विचारले पाहिजे की ‘दुसरी बाजू’ कोण मांडते. येथे मुलाची बाजू मांडणारा सदस्य त्या पटावर नसतोच. म्हणून सारख्या वाटपातून पक्षपातच निर्माण होतो.

यांत्रिक साधनांनी ह्या कामाचा एक भाग सुकर केला. २००९ साली मायक्रोसॉफ्ट आणि डार्टमथ येथील संशोधक हनी फरीद ह्यांनी विकसित केलेले ‘फोटोडीएनए’ हे तंत्र ज्ञात छायाचित्रांची गणिती ओळख साठवून तीच छायाचित्रे पुन्हा प्रसृत होताना पकडते. अत्याचाराच्या पुराव्याचा प्रसार रोखण्यात त्याचे मोल निर्विवाद आहे. परंतु यंत्र चित्र ओळखते. सौम्योक्ती ओळखत नाही. ‘स्नेह’, ‘हक्क’, ‘अल्पसंख्याक’ हे शब्द निषिद्धांच्या यादीत घालता येत नाहीत, कारण ते इतरत्र सर्वस्वी न्याय्य आहेत. त्यामुळे परिभाषेचे शोधन हाच उपाय उरतो, आणि तो अलीकडे गांभीर्याने हाती घेतला गेला आहे. २०१६ साली लक्झेंबर्ग येथे स्वीकृत झालेल्या मार्गदर्शक सूत्रांनी ह्या क्षेत्रातील शब्दांची छाननी केली. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात ‘चाइल्ड पोर्नोग्राफी’ हा शब्दप्रयोग टाळावा आणि बालकांचे लैंगिक शोषण व अत्याचार दर्शविणारी सामग्री अशा अर्थाची संज्ञा वापरावी, असे सुचविले. पहिली संज्ञा त्या वस्तूस करमणुकीच्या एका प्रकारात बसविते, दुसरी तिला गुन्ह्याचा अवशेष म्हणते.

ह्या भूमिकेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की केवळ मताचे दमन लोकशाहीस घातक होय. हा आक्षेप हलका नाही, आणि नेदरलँड्सच्या न्यायालयांनी त्याचे वजन ओळखले होते. १९८२ साली स्थापन झालेल्या ‘मार्टिन’ ह्या संघटनेवर २०१२ मध्ये बंदी आली, २०१३ मध्ये अपिलात ती उठली, आणि एप्रिल २०१४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. दोन वर्षांतील ही चढउतार निर्णयाची कठीणताच दाखविते. त्याच देशात २००६ साली अशाच मतांच्या एका राजकीय पक्षावर बंदी घालण्यास न्यायालयाने नकार दिला होता. राज्याने मतास शिक्षा करणे आणि संपादकाने आपले पान न देणे ह्या भिन्न गोष्टी आहेत. पहिलीस अत्यंत कडक कसोटी हवी, दुसरीस विवेक पुरतो. दुसरा आक्षेप असा की कठोर नियमनाने ज्यांना स्वतःच्या प्रवृत्तीविषयी साहाय्य हवे आहे तेही अंधारात ढकलले जातात. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयाने २००५ साली सुरू केलेला प्रतिबंधक उपचाराचा प्रकल्प ह्याचे उत्तर देतो : तेथे येणारा मनुष्य आपल्या वर्तनास आवर घालण्यासाठी येतो, समर्थकाप्रमाणे त्या वर्तनास मान्यता मागत नाही. दोघांना एकाच मापाने मोजणारे नियमन आंधळेच म्हणावे लागेल.

समलिंगी संघटनांच्या आंतरराष्ट्रीय संघाने १९९४ साली आपल्यात शिरलेल्या अशा गटांना बहुमताने बाहेर काढले, ही घटना ह्या संदर्भात लक्षणीय आहे. ज्यांची परिभाषा उसनी घेतली गेली होती त्यांनीच ती परत मागितली. संकेतस्थळाचा नियामक, नियतकालिकाचा संपादक आणि साहित्याचा समीक्षक ह्या तिघांवरही तेच कर्तव्य येऊन पडते. मजकूर कोणत्या न्याय्य शब्दांत बोलतो हे पाहून त्यांनी थांबू नये. तो कोणाच्या वतीने बोलतो आणि त्या व्यक्तीस त्याचे उत्तर देण्याची संधी आहे काय, हेही त्यांनी तपासले पाहिजे. ह्या विषयात दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नेहमी नकारार्थी असते, आणि त्या नकारातच संपादकाच्या निर्णयाचा आधार आहे.