पदवी, पद आणि दलित आत्मकथन

दलित आत्मकथनांवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांतली भूक, बोली, बहिष्कार, नकार आणि विद्रोह या सर्व अंगांनी चर्चा झाली. परंतु या आत्मकथनांत 'नोकरी' नावाची जी गोष्ट आहे, तिच्याकडे समीक्षेने पुरेशा गांभीर्याने पाहिलेले नाही, असे माझे मत आहे. पाहिले तेही आरोपाच्या नजरेने. नोकरी लागली, लेखक पांढरपेशा झाला, वस्तीपासून तुटला, एवढेच म्हणून समीक्षक मोकळे झाले. प्रश्न असा आहे की, ज्या पिढीला ते पांढरपेशेपणही मिळालेले नाही, तिच्या वाङ्मयाचा विचार कोणत्या मापाने करायचा?

प्रथम जुनी आत्मकथने पाहू. शंकरराव खरात यांचे 'तराळ अंतराळ' १९८१ साली आले. गावच्या तराळाचा मुलगा मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू होतो, हा त्या जीवनाचा प्रवास आहे. प्र. ई. सोनकांबळे यांच्या 'आठवणींचे पक्षी' (१९७९) मध्ये उपाशी पोटाने शाळा धरून ठेवणारा पोरका मुलगा आहे. 'बलुतं' (१९७८) लिहिणारे दया पवार रेल्वेत नोकरी करीत होते. या सर्वांना मागे वळून पाहण्यासाठी पायाखाली एक जागा होती. ती सुखाची नव्हती, पण स्थिर होती. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पगार होत होता, आणि त्या पगाराच्या आधारावर माणूस आपले बालपण निर्भयपणे कागदावर मांडू शकत होता. आत्मकथन लिहायला धैर्य लागते हे आपण नेहमी म्हणतो. धैर्याला भाकरीचा आधार लागतो, हे आपण म्हणत नाही.

नोकरीने जात जात नाही, हेही याच वाङ्मयाने सांगितले. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या कथेतल्या तरुणाला रेल्वेत काम मिळते, पण राहायला खोली मिळवण्यासाठी जात लपवावी लागते. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) नोकरी लागल्यावरही घर शोधताना जात आडवी येते. या अनुभवाचे मूळ रूप बाबासाहेबांच्या चरित्रात आहे. १९१७ साली कोलंबिया आणि लंडन पाहून आलेल्या या विद्वानाला बडोद्यात पद मिळाले, पण डोके टेकायला छप्पर मिळाले नाही. पद आहे आणि माणूसपण नाही, हा दलित वाङ्मयाचा साठ-सत्तर वर्षांचा मुख्य झगडा होता.

आज त्या झगड्याची पहिली अटच काढून घेतली गेली आहे. आज पदवी आहे, आणि पद नाही.

हे कसे घडले ते नीट समजून घेतले पाहिजे. महाराष्ट्रातल्या अनुदानित महाविद्यालयांत पगार सरकार देते आणि नेमणूक संस्था करते. २५ मे २०१७ च्या शासन निर्णयाने भरती थांबली. ३ नोव्हेंबर २०१८ रोजी रिक्त पदांपैकी ४० टक्के, म्हणजे ३,५८० सहायक प्राध्यापकांची पदे भरण्यास मान्यता मिळाली. रिकाम्या जागा ९,००० च्या घरात होत्या, असा त्याचा सरळ अर्थ होतो. त्यांतल्या १,४९२ भरल्या जातात न जातात तोच ४ मे २०२० च्या निर्णयाने भरती पुन्हा बंद झाली. उरलेल्या २,०८८ पदांसाठी २०२१ च्या नोव्हेंबरात पुन्हा मान्यता आली. एवढ्या वर्षांत विद्यार्थी वर्गात येतच होते, परीक्षाही होत होत्या. मग शिकवत कोण होते?

शिकवत होता तासिका तत्त्वावरचा मास्तर. नेट-सेट झालेला, कित्येकदा पीएच.डी. केलेला. सातव्या वेतन आयोगात सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ च्या जानेवारीत अतिथी अध्यापकाला तासाला १,५०० आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये सुचवले. महाराष्ट्राने दर ठरवला तो त्याहून कमी. त्यातही सुट्टीचा तास नाही, परीक्षेच्या महिन्याचा भरवसा नाही, बिल मंजूर व्हायला सत्र उलटते. उन्हाळ्यात हा माणूस काय करतो, हे महाविद्यालयाच्या कोणत्याही दप्तरात लिहिलेले नसते.

दलितांच्या दृष्टीने यातली मेख आणखी खोल आहे. आरक्षण हे पदाला असते. बिंदुनामावली तपासली जाते, राखीव बिंदू दाखवला जातो, जाहिरात निघत नाही, आणि ते पद कागदावर राखीवही राहते व रिकामेही राहते. म्हणजे हक्क नाकारला असे कोणालाही म्हणता येत नाही आणि हक्क मिळाला असेही म्हणता येत नाही. २०१७ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने विद्यापीठाऐवजी विभाग हे आरक्षणाचे एकक धरले. ५ मार्च २०१८ रोजी आयोगाने तसे पत्रक काढले. तेरा बिंदूंच्या त्या पद्धतीत अनुसूचित जातीचा पहिला बिंदू सातवा. ज्या विभागात तीनच माणसे आहेत तिथे सातवा माणूस कधी यायचा? देशभर आंदोलन झाले, आणि केंद्रीय शिक्षणसंस्थांपुरता २०१९ च्या कायद्याने हा घाव भरला. पण धडा राहिला. दाराला कुलूप लावायची गरज नसते, उंबरठा मोजायची पट्टी बदलली तरी पुरते.

आता पुन्हा वाङ्मयाकडे येतो. भालचंद्र नेमाडे यांच्या 'बिढार' ते 'झूल' या कादंबऱ्यांतला चांगदेव पाटील हा मराठीतला सर्वांत परिचित प्राध्यापक. एका गावचे महाविद्यालय सोडून तो दुसऱ्या गावी जातो. त्याची अस्वस्थता खरी आहे, संस्थाचालकांचे चित्रणही खरे आहे. परंतु त्या अस्वस्थतेच्या मुळाशी एक सोय आहे. चांगदेव राजीनामा देऊ शकतो. पुढच्या गावी दुसरी नोकरी त्याची वाट पाहत असते. तासिकेवरच्या मास्तराला राजीनामा द्यायला पदच नाही. त्याचे काम जाते तेव्हा त्याला काढले असेही कोणी म्हणत नाही. जूनमध्ये फोन येत नाही, एवढेच. या न आलेल्या फोनची कादंबरी मराठीत मला अजून वाचायला मिळालेली नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. दलित साहित्याची चळवळ उभी राहिली तिच्या मागे औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय होते. पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ ची, सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ चे, औरंगाबादचे महाविद्यालय १९५० चे. म. ना. वानखेडे तिथे प्राचार्य होते, गंगाधर पानतावणे तिथे शिकवीत होते. नियतकालिके, मेळावे, नव्या पोरांच्या कविता तपासणे हे सारे या कायम नोकरीतल्या माणसांच्या वेळेवर आणि खिशावर चालले. नामदेव ढसाळ टॅक्सी चालवून कवी झाले हे खरे. पण त्या कवितेवर बोलणारे, ती वर्गात नेणारे कोणीतरी पगारदार होते. तो थर आज विरळ होत चालला आहे. आज चर्चासत्रात 'दलित आत्मकथनातील वेदना' यावर निबंध वाचणारा तरुण स्वतःच्या वेदनेवर एक वाक्य बोलू शकत नाही, कारण पुढच्या वर्षीच्या तासिका समोर बसलेल्या माणसाच्या हातात असतात. शिवाय निबंध छापायला पैसेही तोच देतो. विद्रोह अभ्यासक्रमात आला आणि विद्रोह शिकवणारा गप्प झाला, ही आजच्या दलित समीक्षेची खरी शोकांतिका आहे.

काही सुज्ञ सांगतात, नोकरीच्या मागे लागू नका, उद्योग करा. वऱ्हाडात हा उपदेश ऐकताना मला नेहमी जमीन आठवते. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले ते उगाच नव्हे. ज्याच्या बापाचे नाव सातबाऱ्यावर नाही, त्याला नेमणूकपत्र हाच सातबारा असतो. भांडवल, शेती, नातेगोते यांपैकी काहीही हाताशी नसलेल्या समाजाने पदवीवर सर्वस्व लावले. तो भोळेपणा नव्हता. तेवढाच एक रस्ता उघडा होता.

आणि हे मूर्तिजापूरहून लिहिताना गाडगेबाबा टाळता येत नाहीत. याच तालुक्यातल्या दापुऱ्यात त्यांचे बालपण गेले. अक्षर न शिकलेल्या या माणसाने गावोगाव शिक्षणाचा आग्रह धरला आणि १९४९ साली पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या संस्थेकडे सोपवली. १९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाला पुढे त्यांचे नाव मिळाले. त्या नावाची पदवी घेऊन आमची मुले अकोला-बडनेरा मार्गावर गाडीत उभी राहून तासिका घ्यायला जातात. वर्गातले पोरगे सरळ विचारते, "सर, तुमाले महिन्याले किती भेटते?" या प्रश्नाचे उत्तर ऐकून ते पोरगे शिकायचे की नाही हे ठरवणार असते. उद्याचा विद्यार्थी त्या उत्तरावर अवलंबून आहे.

म्हणून माझे दोन आग्रह आहेत. कार्यकर्त्यांनी २००५ च्या माहिती अधिकाराचा उपयोग करून आपापल्या तालुक्यातल्या प्रत्येक महाविद्यालयाची मंजूर पदे, रिकामी पदे, राखीव बिंदू आणि तासिकांची बिले यांचा तक्ता करावा व तो गावात वाचून दाखवावा. आणि तासिकेवरच्या मित्रांनी लिहावे. नाव घालता येत नसेल तर नाव न घालता लिहावे, पण दर, तारीख, बिल आणि उन्हाळा यांच्यासकट लिहावे. १९७८ साली बलुत्याचा हिशेब मांडला गेला तेव्हा मराठी वाङ्मयाला एक सत्य ऐकावे लागले. तासिकेच्या हिशेबात जुन्या बलुत्याइतकी निश्चितीही नाही. तो मांडला गेलाच पाहिजे.