पाऊण लेंग्थचा निकाल

रेसकोर्स म्हटले की आपल्या मराठी घरात अजून भुवया वर जातात. महालक्ष्मीच्या मैदानाशेजारून रोज बसने जाणारा गृहस्थसुद्धा ‘आम्ही काही त्यातले नव्हे’ असे आधी सांगून मगच घोड्यांकडे पाहतो. तेव्हा ऐन दिवाळीत, चकलीच्या बशीशेजारी बसून मी घोड्यांच्या शर्यतीवर लिहितो आहे, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. पैसे लावण्याच्या भानगडीत मी पडत नाही. मला गोडी आहे ती शर्यत संपल्यानंतरची. मैफल उठल्यावर जसा चहाच्या पेल्यावर गवयाचा हिशेब निघतो, तसा घोड्याचा आणि स्वाराचा हिशेब काढण्याची.

महालक्ष्मीला घोडे सपाटीवर धावतात. मी म्हणतो त्या शर्यती निराळ्या. इंग्लंड-आयर्लंडात घोडा कुंपणे आणि खंदक ओलांडीत मैलोगणती धावतो. आपल्या शाळेतल्या अडथळ्यांच्या शर्यतीचा हा थोरला भाऊ. फक्त येथे पडले तर गुडघा फुटण्यावर भागत नाही. या प्रकारातली सर्वांत नावाजलेली शर्यत म्हणजे लिव्हरपूलजवळच्या एन्ट्री येथली ग्रँड नॅशनल. तिचा ३१ मार्च १९७३ चा दिवस मी चित्रणातून इतक्या वेळा पाहिला आहे की घरच्यांना आता घोड्यांची नावे पाठ झाली आहेत. त्या दिवसाचा निकाल कागदावर सरळ आहे : रेड रम पहिला, क्रिस्प दुसरा, अंतर पाऊण लेंग्थ, म्हणजे एका घोड्याच्या लांबीहूनही कमी. एवढ्याशा अंतराने पन्नास वर्षे लोकांना वाद पुरवला आहे.

क्रिस्प हा ऑस्ट्रेलियातून आलेला, काळसर, दांडगा घोडा. फ्रेड विंटर यांच्या तबेल्यातला. १९७१ मध्ये चेल्टनहॅमला दोन मैलांची मानाची शर्यत त्याने जिंकली होती. म्हणजे मुळात तो छोट्या पल्ल्याचा, तडाख्याचा घोडा. आणि ग्रँड नॅशनल त्या वेळी चार मैल ८५६ यार्डांची, तीस उड्यांची! शिवाय वजन. या शर्यतीत ज्याचा लौकिक मोठा त्याच्या पाठीवर जास्त ओझे, असा न्याय आहे. स्वाराचे वजन कमी पडले तर खोगिरात शिसे घालतात. क्रिस्पच्या पाठीवर १२ स्टोन, म्हणजे १६८ पौंड. रेड रमच्या पाठीवर १४५. तेवीस पौंडांचा फरक. दहा किलो तांदळाची पिशवी पाठीवर घेऊन सव्वासात किलोमीटर पळायचे आणि वाटेत तीस वेळा कुंपण ओलांडायचे, असे म्हटले म्हणजे घरातल्या सर्वांना कळते.

रिचर्ड पिटमन या स्वाराने क्रिस्पला आघाडीवर मोकळे सोडले. त्याची उडी पाहावी. कुंपण आले की पुष्कळ घोडे क्षणभर पाऊल मोजतात, आखडतात. हा दुरूनच झेप घेतो आणि पलीकडे उतरतो तो धावतच. प्रत्येक उडीत त्याला हातभर जमीन फुकट मिळते. दुसऱ्या फेरीत तर तो वीस लेंग्थहून अधिक पुढे, एकटाच. अशा वेळी स्वाराचे कौशल्य काही न करण्यात असते. घोडा उतरताना लगाम बोटांतून ढिला सोडावा, आपले वजन मागे ठेवावे, त्याच्या मानेला अडथळा होऊ नये. तबलजीने गवयाच्या अंगावर धावून न जाता ठेका धरावा, तसे. पिटमनने जवळजवळ चार मैल हे निर्दोष केले.

मग शेवटची उडी. क्रिस्प अजून पंधरा लेंग्थच्या आसपास पुढे. परंतु पाय आता त्याचे राहिलेले नाहीत. तेथून विजयाच्या खांबापर्यंत ४९४ यार्डांची मोकळी वाट, आणि ती वाट मध्येच उजवीकडे वळते. त्या वळणाशी पिटमनने उजव्या हाताने चाबूक उचलला. तो हात लगामावरून सुटला आणि थकलेला घोडा डावीकडे भरकटला. त्याला पुन्हा वाटेवर आणण्यात जे गेले, ते पाऊण लेंग्थहून खात्रीने अधिक होते. ही चूक आपली, असे पिटमनने पुढे स्वतःच उघड सांगितले आणि वर्षानुवर्षे सांगितले.

येथे माझे त्याच्याशी जमत नाही. चूक होती, ती मी झाकीत नाही. पण एका चुकीवर साऱ्या पल्ल्याचा निकाल टांगणे हे टीकाकाराचे काम नव्हे. लांब पल्ल्याच्या शर्यतीत एका पौंडाला साधारण एक लेंग्थ असा तज्ज्ञांचा ठोकताळा आहे. त्या हिशेबाने तेवीस पौंड देऊन पाऊण लेंग्थने हरणे म्हणजे काय? आणखी एक माप हाताशी आहे. तिसरा आलेला लेस्कार्गो हा चेल्टनहॅमचा गोल्ड कप दोनदा जिंकलेला घोडा. त्याच्याही पाठीवर १२ स्टोनच होते. तो रेड रमच्या पंचवीस लेंग्थ मागे होता. सारख्या ओझ्याने इतका मागे राहिलेला हा घोडा काही लेचापेचा नव्हता. १९७५ मध्ये त्याने याच मैदानावर रेड रमला हरवले. क्रिस्पची ती दौड मी पाहिलेल्या सर्व दौडींत पहिली ठेवतो. हरलेली, तरी पहिली.

आमच्या मातुःश्रींनी हे चित्रण एकदाच पाहिले. पाहून झाल्यावर विचारले, ‘‘जिंकलेल्याचे काही कौतुक आहे की नाही? त्याने काय चोरी केली?’’ प्रश्न माझ्या जिव्हारी लागला, कारण इतकी वर्षे मी रेड रमकडे नीट पाहिलेच नव्हते. पुन्हा पाहिले. क्रिस्प दूर निघून गेल्यावर बाकीच्यांनी मनातून तो नाद सोडला होता. एकट्या ब्रायन फ्लेचरने सोडला नाही. १९६८ मध्ये रेड अॅलिगेटरवर हीच शर्यत जिंकलेला, १९७२ मध्ये डोक्याला गंभीर दुखापत होऊन परत आलेला हा स्वार. दुसऱ्या फेरीत त्याने आपला घोडा थोडाथोडा पुढे काढला. घाई नाही, उडीत कोठे ओढाताण नाही. पुढचा घोडा दमणार हे त्याने ओळखले होते. फार उशिरा निघाला असता तर तो उरला नसता, फार लवकर निघाला असता तर स्वतःच संपला असता. रेड रमची वेळ नऊ मिनिटे १.९ सेकंद, जुना उच्चांक अठरा सेकंदांहून अधिक फरकाने मोडला. त्यात क्रिस्पचा वाटा आहेच, पण वेळ काही दुसऱ्याच्या नावावर धावता येत नाही. त्या दिवसाचा उत्तम स्वार म्हणून मी फ्लेचरचे नाव घालतो. मातुःश्रींना तसे कळवले आहे.

त्याच नोव्हेंबरात डॉनकॅस्टरला दोघे सारख्या वजनाने भेटले आणि क्रिस्प आठ लेंग्थने जिंकला. क्रिस्पचे भक्त येथे टाळी मागतात. परंतु डॉनकॅस्टर म्हणजे एन्ट्री नव्हे. १९७४ मध्ये रेड रमने ते १२ स्टोन स्वतःच्या पाठीवर घेऊन ग्रँड नॅशनल पुन्हा जिंकली, आणि १९७७ मध्ये टॉमी स्टॅकला घेऊन तिसऱ्यांदा. साउथपोर्टच्या समुद्राच्या वाळूत जिंजर मॅकेनने तयार केलेला तो घोडा. १९९५ मध्ये गेला तेव्हा त्याला एन्ट्रीच्या विजयाच्या खांबाशेजारीच पुरले.

हिशेबात एक नाव राहिले. पहिल्या फेरीत क्रिस्पच्या पाठोपाठ धावणारा ग्रे सोम्ब्रेरो ‘चेअर’ नावाच्या थोराड कुंपणावर पडला आणि त्याला तेथेच मरण द्यावे लागले. चित्रणात तो क्षणभर दिसतो, मग कॅमेरा क्रिस्पबरोबर पुढे निघून जातो. मीही कित्येकदा तसाच पुढे निघून गेलो आहे. पुढे कुंपणे सौम्य केली गेली, २०२४ पासून घोड्यांची संख्या चौतिसावर आणली. १९७३ मध्ये अडतीस होते. हे बदल मला पटतात. खेळाची धार गेली म्हणून कुरकुरणाऱ्यांनी ते चित्रण चेअरपाशी थांबवून पाहावे. मी अलीकडे थांबवतो. मग पुन्हा सुरू करतो, आणि क्रिस्प वळणाशी आला की दर वेळी मनात म्हणतो, अरे, तो हात लगामावरच राहू दे.