वर्गीकरण: अंदाजपत्रकामागचे दुसरे अंदाजपत्रक

आजचा विषय ऐकून काहींनी जांभई दिली असेल, त्याबद्दल आमची काही तक्रार नाही. महापालिकेचे अंदाजपत्रक हा काही रंजक मजकूर नव्हे. पण आज आम्ही त्याकडे एखाद्या पुस्तकाकडे बघावे तसे बघणार आहोत. कारण ते खरोखरच पुस्तक आहे. जाडजूड, दरवर्षी नवी आवृत्ती निघणारे. त्याचा खर्च मिळकतकर भरणारी कुटुंबे उचलतात आणि वाचतात मात्र बहुतेक ठेकेदार, अधिकारी आणि नगरसेवक. तेही फक्त आपापली पाने.

उदाहरण पुण्याचे घेऊ. मुंबईचा आकडा कितीतरी मोठा आहे, 2025-26 साली 74,427 कोटी. पुण्याचा त्याच वर्षीचा 12,618 कोटी. तरी पुणेच घेण्याचे कारण असे की नागरिकांना अंदाजपत्रकात सहभागी करून घेतो, असे म्हणणारे हे देशातल्या पहिल्या काही शहरांपैकी एक. 2006-07 च्या अंदाजपत्रकापासून ही प्रथा आहे. ज्याने पारदर्शकतेचा दावा केला, त्याचीच कसोटी घ्यायची असते.

पुण्यात 'अंदाजपत्रक' हाच शब्द रुळलेला आहे आणि आम्हाला तो 'अर्थसंकल्प'पेक्षा प्रामाणिक वाटतो. संकल्प म्हटले की पूजेचा वास येतो. अंदाज म्हणजे अंदाज. चुकू शकतो. आणि चुकतोच.

आता वाचायचे कसे? सादरीकरणाच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत तीन गोष्टी येतात: एकूण आकडा, करवाढ आहे की नाही, आणि नव्या प्रकल्पांची यादी. हे म्हणजे मलपृष्ठावरचा मजकूर वाचून पुस्तकाबद्दल बोलण्यासारखे झाले. खरा मजकूर रकान्यांत असतो. एका रकान्यात मागल्या वर्षाची प्रत्यक्ष जमा आणि खर्च, दुसऱ्यात चालू वर्षाचा सुधारित अंदाज, तिसऱ्यात येत्या वर्षाचा अंदाज. टाळ्या मिळतात त्या तिसऱ्या रकान्याला. आमचे म्हणणे असे की वाचन पहिल्यापासून करावे. जमा किती धरली होती आणि आली किती? एखाद्या कामाला ठेवलेल्या पैशांपैकी खर्च किती झाले? जमा फुगवून धरली की खर्चाच्या बाजूला हवी तेवढी कामे बसवता येतात. मग कामांची नावे छापली जातात, उद्घाटनाचे फलक लागतात, आणि काही कामांपुढे नुसती 'टोकन तरतूद' असते. म्हणजे नाव यादीत, पैसे नाममात्र. काम जिवंत आहे एवढे दाखवण्यापुरते.

पण आजच्या बोलण्याचा गाभा हा नाही. गाभा आहे 'वर्गीकरण'.

शाळेत वर्गीकरण शिकलो ते प्राण्यांचे आणि वनस्पतींचे. महापालिकेत त्याचा अर्थ वेगळा. एका लेखाशीर्षावरचे मंजूर पैसे काढून दुसऱ्यावर टाकणे म्हणजे वर्गीकरण. कायद्याने तशी सोय आहे, आणि ती असायलाही हवी. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, माणसे गेली, घरे वाहून गेली. अशा वेळी 'मार्चमध्ये तरतूद केली नव्हती' असे कोणी म्हणू शकत नाही. पैसे वळवावेच लागतात. त्यामुळे वर्गीकरण म्हणजेच लबाडी, असे आम्ही म्हणत नाही. म्हटले तर ते खोटे ठरेल.

आमचा आक्षेप दोन गोष्टींवर आहे. पहिली, वर्गीकरण हा अपवाद न राहता सवय झाली. सभागृह असताना वर्ष संपत आले की वर्गीकरणाचे प्रस्ताव ढिगाने यायचे. पुणेकरांना त्यांतून काय मिळाले ते आठवतच असेल: बाकडी, कापडी पिशव्या, कचऱ्याच्या बादल्या, चांगले असलेले फरशीचे पदपथ उखडून पुन्हा फरशी. त्याला जोडून 'स' यादी, म्हणजे नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांची यादी. 31 मार्चच्या आत बिल निघाले पाहिजे, म्हणून जे लवकर उरकते ते काम निवडायचे. पाळणाघर लवकर उरकत नाही. त्याला जागा लागते, माणसे लागतात, पुढे दरवर्षी पगार लागतात. बाकडे एका दिवसात बसते आणि त्यावर नावही घालता येते.

दुसरी गोष्ट आम्हाला जास्त गंभीर वाटते. अंदाजपत्रकाचे पुस्तक निघते, त्याची चर्चा होते. वर्गीकरणाचे पुस्तक निघत नाही. ठराव सुटे सुटे होतात, इतिवृत्तात जातात, आणि वर्षाअखेर कोणत्या प्रभागातून किती गेले नि कुठे गेले, हे एका कागदावर कुठेच दिसत नाही. समजा, तुमच्या भागातल्या दवाखान्याच्या दुरुस्तीला पैसे ठेवले होते. तुम्ही ते पानावर वाचले, शेजाऱ्यांना सांगितले. डिसेंबरात ते एका कमानीकडे वळले. तुमच्या हातातले पान तसेच आहे, आकडाही तोच आहे. पुस्तक खोटे नाही. फक्त आता ते खरे राहिलेले नाही, आणि हे तुम्हाला कोणी सांगितलेले नाही.

पुढल्या वर्षी 'प्रत्यक्ष खर्च' या रकान्यात शून्य दिसेल. पण शून्य का, हे तो रकाना सांगत नाही. निविदा रखडली, जागा मिळाली नाही, की पैसे दुसरीकडे गेले? तिन्हींचे शून्य सारखेच दिसते.

आता नागरिकांच्या सहभागाकडे येऊ. योजना साधी आहे. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरून द्यायचा, आपल्या भागात कोणते काम हवे ते लिहायचे. एका कामाची मर्यादा साधारण पाच लाखांची ठेवलेली. कल्पनेचे मूळ ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरात, तिथे हे 1989 पासून सुरू झाले. तिथे मात्र लोक एकत्र बसत, भांडत, अमुक वस्तीला आधी आणि तमुक वस्तीला नंतर असे ठरवत. आपण त्यातला अर्ज घेतला आणि बैठक सोडून दिली. अर्ज एकट्याने भरायचा असतो. त्यामुळे प्रत्येक जण आपल्या गल्लीपुरते मागतो, पथदिवा, गतिरोधक, बाक. आणि पाच लाखांत दुसरे मागणार तरी काय? शेजारच्या सोसायटीने काय मागितले ते कळत नाही, आपला अर्ज नाकारला तर का नाकारला तेही कळत नाही. लोकांना मोठे मागता येत नाही, असा ठपका मग लोकांवरच येतो.

बैठकीची तरतूद कायद्यात नाही असे समजू नका. 2009 मध्ये राज्याने कायदा दुरुस्त करून क्षेत्र सभा आणल्या, म्हणजे गावच्या ग्रामसभेसारख्या शहरातल्या मतदारांच्या सभा, नगरसेवकाने बोलवायच्या. ग्रामसभेत किमान उभे राहून 'पाण्याचे पैसे कुठे गेले' असे ओरडता तरी येते. शहरातल्या किती जणांना क्षेत्र सभेचे बोलावणे आले आहे? हात वर करा. ...बघा, एकही नाही.

मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि निवडणूक झाली ती जानेवारी 2026 मध्ये. मधल्या काळात प्रशासकाने अंदाजपत्रक मांडायचे आणि प्रशासकानेच मंजूर करायचे. काही जण म्हणतात, बरे झाले, बाकडी तरी थांबली. आम्हाला हे पटत नाही. नगरसेवकांचे वर्गीकरण सभेत गाजायचे, विरोधक आरडाओरडा करायचे, दुसऱ्या दिवशी पेपरात यायचे. प्रशासकाच्या काळात तेच काम एका सहीवर होऊ शकत होते, आणि विचारायला समोर कोणी नव्हते. गोंगाट हीच काय ती आपली पारदर्शकता होती, तीही गेली.

याची झळ सर्वांत जास्त बसली समाविष्ट गावांना. ऑक्टोबर 2017 मध्ये 11 गावे महापालिकेत आली, जून 2021 मध्ये आणखी 23. त्यांतल्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीला पुढे बाहेर काढून वेगळी नगरपरिषद करायचे ठरले. राहिलेल्या गावांतल्या अनेक सोसायट्यांत आजही टँकर येतो. म्हणजे एकच कुटुंब मिळकतकर भरते आणि वर टँकरचे पैसेही भरते. 23 गावे आली आणि वर्षही पुरे व्हायच्या आत सभागृह संपले. जवळजवळ चार वर्षे त्यांच्या वतीने अंदाजपत्रकाच्या चर्चेत उठून बोलणारा कोणी नव्हता, कारण चर्चाच नव्हती.

कर घेताना मात्र हिशेब घरटी होतो. राहत्या घराची 40 टक्के सवलत परत मिळाली तेव्हा अनेक कुटुंबांना पीटी-3 अर्ज भरून, पुरावे जोडून सिद्ध करावे लागले की बाबांनो, या घरात आम्हीच राहतो. आमची मागणी त्याच मापाची आहे. घरटी वसुली करता येते, तर प्रभागवार खर्च का दाखवता येऊ नये? माहिती अधिकार कायदा 2005 सालचा. त्याच्या कलम 4 नुसार तरतुदी आणि प्रत्यक्ष वाटप कोणी अर्ज न करता, आपणहून जाहीर करायचे आहे. संगणकावर प्रत्येक कामाला सांकेतांक असतो, बिल निघते ते त्यावरच. म्हणजे माहिती तयार आहे.

तेव्हा नव्या नगरसेवकाला भेटाल तेव्हा पथदिवा मागूच नका असे नाही, मागा. पण सोबत एक कागद मागा: आपल्या प्रभागातले गेल्या वर्षीचे प्रत्येक वर्गीकरण, कोणत्या कामातून कोणत्या कामात, किती रुपये, ठराव कोणत्या तारखेचा. चार रकाने पुरतात. 'ऑफिसात या' असे उत्तर मिळाले तर सोसायटीतले दोघेतिघे मिळून जा, एकट्याने नको, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक घ्यायला विसरू नका.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या ताईंचा हात मघापासून वर आहे, त्यांच्याकडे माईक द्या.