माशाची दोन नावे

दिवाळीच्या फराळात माशाचा विषय काहींना रुचणार नाही; पण मी बोलणार आहे ते माशाच्या चवीविषयी नव्हे, नावाविषयी. बोलीतले नाव खरे की शास्त्रातले, असा वाद अधूनमधून निघतो. मला दोन्ही पक्ष अर्धेच बरोबर वाटतात.

आमच्या शिरोलीच्या एमआयडीसीत हा वाद होत नाही. ओतकामाच्या कारखान्यात सारे 'बीड' म्हणतात. नकाशावर मात्र 'एफजी 260' असे लिहिलेले असते. ते बीड किती ताण सोसेल, हे नुसत्या शब्दाने कळत नाही. बोलायला एक नाव, हमीला दुसरे. जवळच्या पंचगंगेतल्या माशांना हा न्याय आपण लावीत नाही. 'वाम' म्हटले की कोल्हापूरकराला काटेरी पाठीचा नदीतला मासा आठवतो आणि रत्नागिरीकराला समुद्रातला. दोघांची कुळे अगदी वेगळी! नदीतल्याला शास्त्र 'मास्टासेम्बेलस आर्मेटस' म्हणते, आणि तिथे घोटाळा संपतो.

या दोन नावांचा मेळ घातला तो विल्यम हेन्री साइक्स या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने. दख्खनच्या माशांचे त्याचे वर्णन 1839 साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. त्यातली नावे वाचताना मराठी वाचकाला मौज वाटते: खुद्री, कोलस, नुक्ता, सींगटी! इथल्या लोकांच्या तोंडचा शब्द त्याने लॅटिन नावाला जोडून दिला. त्याचा कान इंग्रजी, म्हणून 'शिंगटी'ची 'सींगटी' झाली, हा दोष मानलाच पाहिजे. पण गंमत पाहा. पुण्याजवळ मुळा-मुठेत सापडलेल्या माशाला त्याने 'बार्बस खुद्री' म्हटले. आज तो 'टोर खुद्री' आहे. विद्वानांनी पुढचा शब्द बदलला, मागचा मराठी तसाच राहिला. शास्त्रीय नाव अढळ आणि बोलीतले चंचल, हा समज इथे उलटा पडतो.

मात्र एवढ्यावरून शास्त्राला निरोप देता येत नाही. कावेरीत पाठीवर कुबड असलेला एक थोर महसीर आहे. त्याला अनेक वर्षे साइक्सचेच 'मुसुल्ला' हे नाव चिकटवले होते. ते मुळी दुसऱ्याच माशाचे. त्याच काळात लोणावळ्यात पैदास केलेली खुद्रीची पिल्ले कावेरीत सोडण्यात आली. महसीर तो महसीर, असा हिशेब! कुबडवाल्याच्या ऱ्हासाशी अभ्यासकांनी या पाहुण्याचा संबंध जोडला आहे. शेवटी 2018 साली कुबडवाला म्हणजे 'टोर रेमादेवी' हे सिद्ध झाले, आणि मगच जागतिक लाल यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून त्याची नोंद झाली. तोवर नाव नाही, म्हणून नोंदही नाही.

तेव्हा मराठीत लिहिणाऱ्यांकडे माझे मागणे साधे आहे. कोशात बसून नवी संस्कृत नावे घडवू नयेत. ती ना भोयाला कळतात, ना शास्त्रज्ञाला. बोलीतले नाव द्यावे, ते कोणत्या गावचे हे सांगावे आणि शेजारी शास्त्रीय नाव लिहावे. भोयाला विचारल्यावाचून माशाचे नाव लिहू नये, आणि शास्त्राला विचारल्यावाचून मासा नदीत सोडू नये.