सायकलवरची पोरं आणि सत्तर वर्षांची आठवण

फिलिप हूज या अमेरिकन लेखकाचं 'द बॉइज हू चॅलेंज्ड हिटलर' हे पुस्तक २०१५ साली आलं. लिहिलंय किशोरांसाठी. नकाशे, फोटो, चौकटीत दिलेली माहिती असा सगळा सरंजाम आहे, आणि एका बैठकीत वाचून होतं. विषय डेन्मार्कचा. तेव्हा बेळगावच्या इतिहास मंडळात यावर निबंध कशाला, असं कोणीही विचारील. कारण साधं आहे. आपण गेली दोन-अडीच वर्षं गोवामुक्तीच्या काळातल्या माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करतोय, आणि हे पुस्तक अशाच एका म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीवर उभं आहे. ते कुठे भक्कम उभं राहतं आणि कुठे डळमळतं, हे आपल्या कामाच्या दृष्टीनं बघण्यासारखं आहे.

आधी हकीकत. ९ एप्रिल १९४० ला जर्मन फौजा डेन्मार्कमध्ये शिरल्या आणि काही तासांतच सरकारनं शस्त्रं खाली ठेवली. त्याच दिवशी हल्ला झालेला नॉर्वे मात्र दोन महिने लढत राहिला. क्नुद पेडर्सन तेव्हा चौदा वर्षांचा होता. वडील पाद्री, घरात भाऊ-बहिणींचा गोतावळा, आणि वर्षानं मोठा भाऊ येन्स, ज्याच्याशी सदानकदा चुरस. नॉर्वेतली माणसं लढतायत आणि आपली माणसं रस्त्यावर जर्मनांना वाट सांगतायत, याची या पोरांना लाज वाटली. ओडेन्स गावात त्यांनी ब्रिटिश हवाईदलाच्या नावानं एक टोळी काढली. उद्योग काय, तर दिशादर्शक पाट्या उलट्या फिरवायच्या आणि जर्मनांच्या टेलिफोनच्या तारा कापायच्या.

१९४१ मध्ये वडिलांची बदली उत्तरेला ऑल्बोर्गला झाली. राहायला मिळाला एक मध्ययुगीन मठ, थंडगार आणि कोनाकोपऱ्यांनी भरलेला. ऑल्बोर्गचा विमानतळ जर्मनांना नॉर्वेकडे जायला मोक्याचा, म्हणून शहर सैनिकांनी गजबजलेलं. त्या वर्षीच्या नाताळाच्या सुमारास शाळेतल्या मित्रांना घेऊन 'चर्चिल क्लब' निघाला. घरी सांगितलं की पत्त्यांचा, ब्रिजचा क्लब आहे. कामाची वाटणी मात्र अगदी कचेरीसारखी: एक विभाग प्रचाराचा, एक तांत्रिक, एक घातपाताचा. तांत्रिक विभागातल्या मुलाला सगळे 'प्रोफेसर' म्हणत. तो मठातल्या एका खोलीत रसायनं ढवळत बसे, आणि मठ कसा शाबूत राहिला याचं आपल्याला वाचताना आश्चर्य वाटत राहतं.

पुस्तकाचा उत्तम भाग इथून सुरू होतो, कारण हूज काम कसं चाललं ते सांगतात. पोरं बरीचशी कामं भरदिवसा करत, कारण रात्री उशिरा घराबाहेर राहायची परवानगीच नव्हती! वाहन सायकल. निळा रंग घेऊन जर्मनांशी धंदा करणाऱ्यांच्या भिंती रंगवायच्या. कॅफेत कोट टांगायच्या जागेतून जर्मन अधिकाऱ्यांची पिस्तुलं उचलायची. एका बांधकाम कंपनीच्या कचेरीत घुसून नकाशे जाळायचे, रेल्वे यार्डात विमानांचे सुटे भाग भरलेली वाघीण पेटवायची. शस्त्रं जमली खरी, पण चालवायची कशी हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं. हूज ते लपवत नाहीत. कोण कोणावर डाफरला, कोणाला मधेच पळून जावंसं वाटलं, दोघा भावांत पुढारी कोण यावरून कशी धुसफूस चाले, हेही येतं. पंचवीसेक कारवाया झाल्यावर मे १९४२ मध्ये डॅनिश पोलिसांनीच त्यांना पकडलं. कॅफेतल्या एका बाईनं पोरांना बरोब्बर ओळखलं होतं. क्नुद आणि येन्सला तीन-तीन वर्षांची शिक्षा झाली, निबोर्गच्या तुरुंगातून ते मे १९४४ मध्ये सुटले.

आता मांडणीकडे येतो. हूज यांनी दोन आवाज वेगळे ठेवले आहेत. क्नुद 'मी' म्हणून बोलतो आणि पानावर त्याचं बोलणं कुठून सुरू होतं ते स्पष्ट दिसतं. मधेमधे लेखक स्वतःच्या आवाजात युद्धाची परिस्थिती, तारखा, इतरांकडून कळलेलं सांगतो. २०१२ मध्ये हूज कोपनहेगनला जाऊन आठवडाभर क्नुदसमोर बसले, आणि पुढे पत्रव्यवहार चालूच राहिला. म्हणजे प्रश्न, उत्तर, पुन्हा प्रश्न. म्हणून तर रंग निळा होता, सायकल कुठे उभी केली, असे तपशील येतात. असे तपशील भाषणात येत नाहीत, कोणीतरी विचारावे लागतात.

आपल्याकडे काय होतं? गोवामुक्तीवरची गौरवग्रंथांची पानं उघडून बघा. नेत्यांची चरित्रं सविस्तर असतात, सत्याग्रहांच्या तारखा असतात, आणि शेवटी एक परिच्छेद येतो: 'स्थानिक तरुणांनी व शाळकरी मुलांनी मोलाची मदत केली.' मोलाची म्हणजे काय? निरोप पोचवला? पत्रकं दप्तरातून नेली? कुणाच्या सांगण्यावरून, कुठल्या वाटेनं, आणि वाटेत पोलीस भेटला तर काय सांगायचं ठरलं होतं? त्या एका वाक्यात सगळं गडप होतं. आंबोलीच्या जंगलातून नोव्हेंबर १९५५ मध्ये सुरू झालेल्या भूमिगत नभोवाणीबद्दल आपण वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ही नावं आदरानं घेतो, घेतलीच पाहिजेत. पण सहा वर्षं जंगलात आणि आडगावांत चाललेल्या त्या केंद्रापर्यंत धान्य, कागद, बातम्या ज्यांनी पोचवल्या त्यांचं काय? मोहन रानडे सांगलीकडून गोव्यात मराठी शाळेत शिकवायला गेले आणि आझाद गोमंतक दलात सामील झाले, हे सर्वांना माहीत. त्यांच्या वर्गात बसणाऱ्या पोरांना मास्तरांबद्दल काय दिसत होतं, काय कळत होतं, हे कोणी विचारल्याचं माझ्या वाचनात नाही.

मंडळाच्या एका ध्वनिमुद्रणाचं उदाहरण देतो. एका आजोबांनी पहिली वीस मिनिटं अगदी शाळेच्या स्नेहसंमेलनातल्यासारखं भाषण केलं. मग आमच्यातल्या एकीनं विचारलं, 'आजोबा, ते गठ्ठे नेताना तुमच्या पायात काय होतं?' ते थांबले. म्हणाले, 'काही नाही गं. वहाणा वाजतात म्हणून काढून पिशवीत टाकायच्या.' तिथून पुढचं तासभर खरं बोलणं झालं. हूज यांच्या पुस्तकात असे प्रश्न पडद्याआड सतत चालू आहेत, ते उत्तरांवरून कळतं.

पण एक अडचण आहे आणि ती हूज पुरेशी ओळखत नाहीत असं माझं मत. क्नुदनं ही गोष्ट पहिल्यांदा सांगितलेली नाही. युद्ध संपलं त्याच वर्षी, १९४५ मध्ये, विशीतही नसताना त्यानं चर्चिल क्लबवर डॅनिशमध्ये पुस्तक लिहिलं होतं. नंतर जन्मभर तो हे सांगत आला. १९९१ मध्ये या हकीकतीवरून सुचलेला 'ड्रेंगेने फ्रा सांक्ट पेट्री' हा चित्रपटही निघाला, आणि चित्रपटानं साहजिकच आपल्या सोयीनं प्रेम, हेवादावा वगैरे मिसळलं. सत्तर वर्षं सांगून सांगून गोष्ट नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत होते. दरवर्षी १९ डिसेंबरला व्यासपीठावर बसवल्या जाणाऱ्या आपल्या स्वातंत्र्यसैनिकांची तीच गत. दोष त्यांचा नाही, आपण दरवर्षी तेच ऐकायला मागतो. १९४५ चा एकोणीस वर्षांचा क्नुद आणि २०१२ चा शहाऐंशीचा क्नुद यांना शेजारी शेजारी ठेवून, कुठे काय बदललं हे हूज दाखवू शकले असते. किशोरांना ते झेपलं नसतं म्हणावं, तर मला पटत नाही. चौदाव्या वर्षी तारा कापणारी पोरं ज्यांना समजतात, त्यांना एवढंही समजतं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. पोरं जागी झाली तेव्हा सगळा डेन्मार्क झोपला होता, असा पुस्तकाचा सूर आहे. हा राग चौदा वर्षांच्या मुलाचा म्हणून शोभतो, इतिहासाचा निवाडा म्हणून नाही. जून १९४१ मध्ये डॅनिश कम्युनिस्टांची धरपकड झाली आणि उरलेल्यांनी लपूनछपून वृत्तपत्र काढायला सुरुवात केली होती. १९४२ च्या वसंतात इतर पक्षांच्या लोकांसह 'फ्रित दानमार्क' हे बेकायदा पत्रही निघालं. आणि ज्या सरकारला क्नुद भेकड म्हणतो ते ऑगस्ट १९४३ पर्यंत जर्मनांशी जुळवून घेत टिकलं, तोवर डॅनिश ज्यूंना हात लागला नाही. ते कोसळल्यावर, ऑक्टोबर १९४३ मध्ये, कोळी, डॉक्टर, साधी माणसं यांनी सात हजारांहून अधिक ज्यूंना होड्यांतून स्वीडनला पोचवलं. यातली कितीतरी माणसं १९४० मध्ये मुकाट कामावर जाणारीच असणार ना? जुळवून घेणं बरोबर की चूक, हा वाद राहूद्या. पण माणसं 'झोपलेली' आणि 'जागी' अशी दोन रांगांत उभी करता येत नाहीत. गोव्यातही पोर्तुगीज कचेरीत कारकुनी केलेल्या सगळ्यांना एका शब्दात निकालात काढायची आपली जुनी खोड आहे. ती आपल्या टिपणांत शिरू नये.

शिवाय क्लबातली सगळी काही मठात राहणारी, मोठ्या शाळेतली पोरं नव्हती. जवळच्या गावचे तिघे वयानं मोठे साथीदार होते. ऑल्बोर्गच्या तुरुंगात असताना त्यांनी खिडकीचा गज कापला, रात्री बाहेर पडून घातपात केला आणि पहाटे पुन्हा कोठडीत येऊन बसले! पुस्तकातला सर्वांत अचाट प्रसंग हा, आणि तोच आपण दुसऱ्याच्या तोंडून ऐकतो. त्यांचा स्वतःचा आवाज नाही. मुली आणि आया तर काठावरच राहतात. पोरं मठात येतात, वरच्या खोल्यांतून वास येतात, आणि आईला काहीच कळत नाही? मला खरं वाटत नाही. आपल्या घरातल्या आया तर ताटात भाकरी किती उरली यावरून पोराच्या मनातलं ओळखत. एवढं विचारायला हवं होतं.

हे सगळं असूनही पुस्तक घ्यावं, मंडळाच्या कपाटात ठेवावं. आणि ध्वनिमुद्रणं कागदावर उतरवताना आपण आपले प्रश्न गाळून उत्तरांचं एकसंध निवेदन करतो, ते बंद करावं असं मी सुचवतो. प्रश्न राहू द्यावेत, 'आठवत नाही'ही राहू द्यावं. १९५५ मध्ये चौदा वर्षांचा असलेला मुलगा आज ऐंशीच्या पुढे आहे. हूज यांनी २००० च्या सुमारास पहिल्यांदा विचारणा केली तेव्हा क्नुद दुसऱ्या एका लेखकाशी बांधलेला होता, म्हणून बारा वर्षं तशीच गेली. मुलाखत झाली, मजकूर तयार झाला, आणि डिसेंबर २०१४ मध्ये क्नुद वारला. पुस्तक बाजारात आलं ते त्यानंतर काही महिन्यांनी.