एक पाय जमिनीवर

मंडळी, संमतीवर बोलताना आज जरा अवघड उदाहरण घेतोय. कुणाला संकोच वाटला तर वावगं नाही, तयारी करताना मलाही वाटला.

प्रौढ माणसांनी परस्परसंमतीने एकमेकांना दोरीने बांधायची जपानी कला म्हणजे किनबाकू; जपानबाहेर शिबारी हा शब्द जास्त चालतो. त्यात एक प्रकार अर्धं टांगण्याचा. छातीच्या आणि एका मांडीच्या बांधणीवरून दोर वरच्या आधाराला नेतात, दुसरा पाय जमिनीवरच असतो. पूर्ण टांगण्याच्या अलीकडची सोपी पायरी म्हणून हे बरेचदा शिकवलं जातं. माझा आक्षेप त्या 'सोपी'ला आहे.

आता बघा. पूर्ण टांगलेल्या माणसाचं सगळं वजन दोरांवर असतं, कुठल्या दोरावर किती याचा अंदाज बांधणारा आधी घेऊ शकतो. अर्ध्या टांगण्यात हा हिशेब क्षणाक्षणाला बदलतो. पाय थकला, गुडघा लटपटला, चक्कर आली, की पायावरचं वजन एका झटक्यात छातीच्या दोरावर. तो दोर तेवढ्यासाठी बांधलेला असेलच असं नाही. हात पाठीमागे घेतलेल्या बांधणीत दोर दंडावरून जातो, आणि तिथे हाडाला लगटून रेडियल नर्व्ह जाते. ती दाबली गेली तर मनगट लुळं पडतं. कधी कधी आधी दुखतही नाही. मग 'दुखलं तर सांग' एवढ्यावर भागत नाही. मधूनमधून मनगट मागे वळवायला, अंगठा ताणायला सांगावं लागतं. जमत नसेल तर त्या बांधणीवरचा भार लगेच काढायचा. दोर कापायची कात्री हाताशी हवी, पिशवीत नव्हे.

मग ही पायरी सोपी का वाटते? कारण या कलेची नजर चित्रावर पोसलेली आहे. योशितोशीने 1885 मध्ये अदाचिगाहाराच्या ओसाड घराचं चित्र काढलं: उलटी टांगलेली गरोदर बाई, खाली सुरीला धार लावणारी म्हातारी. त्याने भारावलेल्या इतो सेइउने 1921 मध्ये स्वतःच्या गरोदर बायकोला तसंच टांगून फोटो काढला. (कलेच्या नावाखाली काय काय खपतं, तो वेगळा विषय.) चित्रातल्या बाईला नस नसते, फोटोतलीला होती. पण फोटोत बांधणी दिसते, बोटांना आलेल्या मुंग्या दिसत नाहीत. तिचं 'हो'ही दिसत नाही. आजचा शिकाऊही बहुधा टांगलेली आकृती बघून शिकतो. उतरवणं त्याला क्वचितच दिसतं.

आपल्या दोरीच्या मल्लखांबाशी तुलना करायचा मोह होईल. पण तिथे दोरीला गाठ मारत नाहीत, पकड खेळणाऱ्या मुलीची स्वतःची असते. इथे सुटण्याची शक्तीच दुसऱ्याच्या हाती दिलेली.

मिलने 1859 मध्ये म्हटलं होतं, की स्वतःला गुलाम म्हणून विकण्याचं स्वातंत्र्य माणसाला नाही, कारण त्यानंतर त्याला 'नको' म्हणता येत नाही. बांधून घेणं म्हणजे गुलामी नव्हे, ते थोड्या वेळाचं असतं. पण चक्कर येणाऱ्याला बोलता येईलच असं नाही, आणि जमिनीवर टेकलेला तो पाय तेव्हा काहीच बोलत नाही. म्हणून मला विचाराल तर पहिले कित्येक वर्ग कुणाला वर घ्यायचंच नाही. आधाराला दोर लावायचा, थोडाच ताणायचा, आणि भार पटकन कसा काढायचा तेवढंच पुन्हा पुन्हा करायचं. शिकणाऱ्यानेही एकदा त्या दोरात उभं राहून बघावं.