समुद्राची पद्धत उजनीला चालेल?

हैदराबादची इन्कॉइस ही संस्था समुद्रातल्या लाटांचा रोज अंदाज देते. तिथे तरंगत्या बोयांच्या नोंदी कामाच्या ठरतात, कारण दक्षिण महासागरात उठलेल्या लाटा आपल्या किनाऱ्याला यायला काही दिवस लागतात.

आता हीच पद्धत इंदापूरजवळच्या उजनी जलाशयाला लावून बघा. २१ मे २०२४ला कुगावहून कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले. इथे लाट वाऱ्यासोबतच उठते, मग बोया आधी काय सांगणार? वाऱ्याच्या नकाशातला एक चौकोन २५ किमीचा असेल, तर वळवाचा झोत त्यात दिसतच नाही. इथे रडारवर ढग बघणं आणि वेळेत बोट थांबवणं जास्त उपयोगाचं.

प्रस्ताव लिहिताना म्हणूनच आधी विचारा: माझी पद्धत माणसाला किती मिनिटं मिळवून देते?